बोटीची वाट, रस्त्याने

पहिला दिवस : पुणे, ताम्हिणी, माणगाव, हरिहरेश्वर

गाडीच्या डिकीत अण्णांचा पाय होता. डावा, गुडघ्याखालचा, त्यांचा सहावा आणि शेवटचा. आईने तो जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून दोन बॅगांच्या मध्ये असा बसवला होता, की घाटात हलू नये. गेल्या वर्षी जानेवारीत अण्णा, म्हणजे माझे वडील, पुण्याला माझ्या घरी वारले, ऐंशी वर्षं पूर्ण करून. तेव्हा हा पाय पलंगाशेजारी भिंतीला टेकवलेला होता. स्मशानात सोबत न्यायचा का, असं कुणीतरी विचारलं. आई म्हणाली, "नको. चलान चलान दमले ते." मग वर्षभर तो माझ्या कपाटात राहिला. वर्षश्राद्ध आचऱ्याच्या घरीच करायचं ठरलं, तेव्हा आईने एकच अट घातली. पाय घरी न्यायचा.

पुण्याहून आचरं एका दिवसात गाठता येतं. आम्ही मुद्दाम किनाऱ्याने, मुक्काम करत गेलो. १९७२ साली, दिवाळीच्या तोंडावर, अण्णा नवा पाय लावून पहिल्यांदा घरी आले ते बोटीने. भाऊच्या धक्क्यावर चढले आणि रात्रभर डेकवर बसून राहिले. लोकांसमोर पट्टे सोडून पाय काढायचा नव्हता, आणि काढल्याशिवाय आडवं होता येत नव्हतं. रात्रभर ते किनाऱ्यावरचे दिवे मोजत होते. आम्हा भावंडांना झोपवताना ते बंदरांची नावं त्याच क्रमाने म्हणायचे: जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड. बोटी बंद पडून जमाना झाला. पण बोटीवरून त्यांनी अंधारात पाहिलेला किनारा आपण एकदा उजेडात बघू, असं दादा म्हणाला आणि मला ते पटलं. दादा गाडी चालवणार, मी शेजारी, आई मागे.

ताम्हिणी घाटात थंडी होती. माणगावला आम्ही मुद्दाम थांबलो. नाईक यशवंत घाडगे याच तालुक्यातले, पळसगावचे. इथे त्यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे पडले. ते एकटे धावून गेले, हातबॉम्ब टाकला, आणि बंदुकीत गोळ्या भरायला वेळ उरला नाही तेव्हा दस्त्याने लढले. लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणोत्तर. वय बावीस. अण्णाही मराठा लाईट इन्फंट्रीचेच, पहिल्या बटालियनचे, म्हणजे १७६८ साली उभ्या राहिलेल्या जंगी पलटणीचे. बेळगावला भरती झाल्यावर घाडग्यांचं नाव पहिल्या महिन्यातच कानावर पडलं, असं ते सांगत. एसटी माणगावला थांबली की खिडकीतूनच हात कपाळाला लावत आणि म्हणत, "बावीस वर्षांचो झील. म्हातारो होवक गावला नाय तेका." आज आईनेही तसाच हात लावला.

हरिहरेश्वरला पोचेपर्यंत दिवस मावळला. लढाईचं मी आता एकदाच सांगते, कारण लोक अण्णांना तेवढंच विचारायचे. डिसेंबर १९७१, बांगलादेशचं युद्ध. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटणीने जमालपूरच्या दक्षिणेला टांगाईलचा रस्ता अडवला होता. शहरात ३१ बलुच ही पाकिस्तानी बटालियन कोंडली गेली होती. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण येण्याचं पत्र लिहिलं. एक म्हातारा गावकरी ते सायकलवरून घेऊन गेला. लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तर पाठवलं, त्यात एक गोळी गुंडाळलेली होती. अण्णा ही पत्राची गोष्ट रंगवून सांगत आणि तिथेच थांबत. १० तारखेच्या रात्री बलुचांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला. ते नेमके मराठ्यांच्या मोर्चांवर आले. रात्रभर चाललं, आणि ११ तारखेला जमालपूर पडलं. त्या रात्री कधीतरी उखळी तोफेचा गोळा खंदकाशेजारी फुटला. शेजारच्या गड्याने रायफलीचा पट्टा काढून अण्णांची मांडी आवळली. तो कराडकडचा. पुढे तो असेपर्यंत दर दिवाळीला त्याचं पत्र यायचं. अण्णा अठ्ठावीस वर्षांचे होते. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला युद्ध संपलं.

त्यानंतर अण्णा बावन्न वर्षं जगले. त्या बावन्न वर्षांचं कुणी विचारलं नाही.

दुसरा दिवस : बागमांडले, वेसवी, हर्णै, दापोली

सकाळी बागमांडल्याच्या धक्क्यावरून गाडीसकट फेरीबोटीत चढलो. खाली सावित्रीची खाडी, समोर वेसवी, उजव्या हाताला मोकळा समुद्र आणि बाणकोटचा डोंगर. आई गाडीतून उतरून कठड्याला धरून उभी राहिली. पाण्यावर आली की तिला बोलावंसं वाटतं, हे मला या प्रवासात कळलं. पन्नाशीला आले मी, पण आईचं लग्न कसं ठरलं हे धड ऐकलं नव्हतं. १९७३ सालचं लग्न ते. म्हणजे पाय गेल्यानंतरचं.

"तुज्या आज्याक सगळे म्हणत होते, लंगड्याक चेडू देतंस? आज्यान कोणाक उत्तर नाय दिल्यान." आई पाण्याकडे बघत सांगत होती. "हे बघूक इले. खुर्चेर बसले, पाय सरळ ठेवन. मी पाणी घेवन गेलंय. तर माका म्हटल्यानी, तुमी बसा. अठरा वर्षांच्या चेडवाक कोण 'तुमी' म्हणता गो?"

मग अण्णांनी तिच्या वडिलांची परवानगी घेऊन, सगळ्यांसमोर, विजार वर सरकवली. मांडीची लेस सोडली, पट्टा सोडला आणि पाय काढून बाजूला ठेवला. आईला म्हणाले, "ह्यां असां आसा. रोज सकाळी घालूचां, रोज रात्री काढूचां. बघून घेवा, मगे काय तां सांगा." बोटीवर रात्रभर पट्टे न सोडणारा माणूस! वर्षभरात त्याने स्वतःशी काय झगडा केला असेल, ते मला त्या फेरीबोटीवर उभ्या उभ्या जाणवलं. मी आईचा हात धरला. तिने तो थोडा वेळ धरू दिला आणि मग म्हणाली, "चल, गाडयेत बस. वारो लागता."

तो पहिला पाय मला आठवतो, कारण तो पुढे बरीच वर्षं माळ्यावर होता. लाकडी पोटरी, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, गुडघ्याशी बिजागऱ्या आणि मांडीला बांधायचा रुंद चामड्याचा पट्टा. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्रात बनवलेला. हे लष्करी केंद्र १९ मे १९४४ ला, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी सुरू झालं, आणि अण्णांचे बहुतेक पाय तिथलेच. तिथली माणसं हाताने काम करणारी आणि जीव लावणारी होती, असं ते नेहमी सांगत. पण तो पाय कोरड्या देशासाठी केलेला असावा. आमच्याकडे जूनमध्ये आभाळ फाटतं ते सप्टेंबरपर्यंत. चामड्यावर बुरशी धरे, बिजागऱ्या गंजत, लाकूड फुगे. आई रोज रात्री तो पाय पुसून चुलीपासून हातभर लांब ठेवायची. जवळ ठेवला तर चामडं तडकतं, लांब ठेवला तर सकाळी ओलाच. ते हातभर अंतर तिने चुलीशेजारच्या जमिनीवर कोळशाने आखून ठेवलं होतं. लहानपणी ती रेघ ओलांडली म्हणून मी मार खाल्ला आहे.

हर्णैला दुपारी पोचलो. समोर सुवर्णदुर्ग, वाळूत लिलावासाठी माशांचे ढीग, बैलगाड्या थेट पाण्यात. आईने सुरमईचा भाव विचारला, नाक मुरडलं आणि घेतली नाही.

संध्याकाळी दापोली. जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात, कारण इंग्रजांनी इथे छावणी केली होती आणि निवृत्त फौजी इथे राहत. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त झाल्यावर मुलाबाळांना घेऊन दापोलीलाच आले. त्या मुलांत छोटा भीमराव होता. पेन्शनवर घर चालवणाऱ्या फौजींचं हे गाव. म्हणून इथे मला अण्णांची काळी ट्रंक आठवली, पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर घातलेली. त्यात पत्रांच्या कार्बन कॉपी आहेत. एका कार्यालयात त्यांच्या अपंगत्वाचा टक्का कमी लिहिला गेला होता. तो बरोबर करून घ्यायला अकरा वर्षं लागली. प्रत्येक पत्राची सुरुवात 'सविनय निवेदन' अशी, अक्षर प्रत्येक वेळी तेवढंच सरळ. एकाही पत्रात आवाज चढलेला नाही. मी ती पत्रं वाचते तेव्हा माझा चढतो. पाय दिलेल्या माणसाला पाय किती गेला हे अकरा वर्षं समजावून सांगावं लागलं, याचा राग मला आजही आहे आणि तो मी लपवणार नाही.

आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला. आधी बँकेत जाऊन सही करायची. पुढे अंगठ्याचं मशीन आलं. अण्णांच्या बोटांचे ठसे कापड ओढून आणि इस्त्री धरून झिजलेले. मशीन पाच-पाच वेळा नाकारायचं. ते बोट धोतराला पुसत आणि पुन्हा ठेवत. एकदा मी सोबत होते. काउंटरवरची मुलगी उठून बाहेर आली, त्यांच्यापुढे वाकली आणि डोळ्यांच्या बुबुळांवरून दाखला करून दिला. परत येताना रिक्षात अण्णा म्हणाले, "चांगल्या घरातला चेडू ता." दिवसभर तेवढंच बोलले.

तिसरा दिवस : दाभोळ, गुहागर, जयगड, रत्नागिरी

दिवसभर नुसता प्रवास. दाभोळ ते धोपावे एक फेरी, तवसाळ ते जयगड दुसरी. गुहागरला जेवलो. जयगडचा दीपगृहाचा मनोरा लांबून दिसला तेव्हा दादाने गाडी बाजूला घेतली. अण्णांच्या अंगाईतलं पहिलं नाव. दादाने पन्नाशी ओलांडली आहे, पण तोंडातल्या तोंडात त्याने पुढची चारही नावं म्हटली.

रत्नागिरीत मात्र थांबायचं कारण होतं. १९८६ साली इथल्या एका शिबिरात अण्णांना जयपूर फूट मिळाला. हा पाय १९६८ मध्ये जयपूरच्या रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी मिळून घडवला. आपल्या लोकांची बैठक मांडीची, चालणं अनवाणी, जमीन ओली. बूट घातल्याशिवाय न चालणारा परदेशी धाटणीचा पाय आपल्याला काय कामाचा, हा त्यामागचा विचार. म्हणून रबराचं पाऊल, खऱ्यासारखं दिसणारं, बोटं असलेलं, पाण्यात-चिखलात चालणारं.

अण्णा एसटीने घरी आले आणि अंगण ओलांडून सरळ मळ्यात उतरले. जुलै महिना, लावणी चालू. त्याआधी तेरा वर्षं लावणीच्या दिवसांत ते बांधावर पाट घेऊन बसत आणि तरव्याच्या मुठी बांधून देत; चिखलात जाता येत नसे. त्या दिवशी दोन्ही पावलं चिखलात रोवून उभे राहिले. बायका लावणी थांबवून बघत राहिल्या. आई म्हणते, ते रडले. मला ते आठवत नाही. मला आठवतं ते हे, की नव्या पावलाचा रंग अण्णांच्या रंगाहून बराच उजळ होता आणि मला ते फार वाईट वाटलं. मी शेजारच्या ताईकडून लाल नेलपॉलिश आणलं आणि ते दुपारी झोपले असताना पाचही बोटांना लावलं. त्यांनी ते पुसलं नाही. तसेच बाजारात गेले, तसेच दुकानात मशीनवर बसले. रंग आपोआप जाईपर्यंत तसाच राहिला.

हो, मशीन. अण्णा पुण्यातच शिवणकाम शिकले होते. आचऱ्याच्या बाजारात त्यांचं एक दाराचं दुकान होतं. उजव्या पायाने मशीन चालवायचे. डावा नुसता पायदानाशेजारी टेकवलेला. पंचक्रोशीतल्या दोन पिढ्यांचे शाळेचे गणवेश त्यांनी शिवले. खाकी चड्डीला आत दोन बोटं जास्त कापड सोडायचे, पोर वाढलं की उसवून सोडता यावं म्हणून. त्याचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत.

रात्री लॉजवर आईने बॅगेतून एक पिशवी काढली आणि पुन्हा आत ठेवली. मी काही विचारलं नाही. त्यात मोजे आहेत हे मला माहीत होतं.

चौथा दिवस : भाट्ये, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, आचरा

भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, जैतापूर. सडे, कातळ, आंब्याला आलेला मोहोर. विजयदुर्गाची तटबंदी लांबूनच पाहिली, आईला चढायचं नव्हतं.

देवगडला बंदरावर उतरलो. इथेच अण्णा बोटीतून उतरले होते. बोट बाहेर नांगरायची आणि माणसांनी शिडीवरून पडावात उतरायचं. पडाव खालीवर होत असतो; तो वर आला की नेमकं पाऊल टाकायचं. खलाशांनी लाकडी पाय पाहिला आणि एकजण म्हणाला, "फौजदारानू, खांद्यार घेतंव." अण्णा नको म्हणाले. पडाव दोनदा वर आला, दोनदा खाली गेला. तिसऱ्यांदा त्यांनी आधी लाकडी पाय टाकला. हे ते नेहमी ठासून सांगायचे: आधी लाकडी. खरा पाय मागे शिडीवर, कारण भरवसा त्याच्यावर, आणि सोडायचा तो भरवशाचा पाय सगळ्यात शेवटी. किनाऱ्याला लागताना लाटेने कमरेपर्यंत भिजवलं. खाऱ्या पाण्याने चामडं आठ दिवसांत कडक झालं आणि बिजागऱ्या गंजल्या. पुण्याच्या केंद्रातून निघून महिनासुद्धा झाला नव्हता.

धक्क्यावर आता मच्छीमार बोटी दाटीने लागलेल्या. आई गाडीतच बसली होती. दादा आणि मी पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिलो.

कुणकेश्वर, मिठबाव, मुणगे, आणि चारच्या सुमाराला आचरा. रामेश्वराच्या देवळापुढे गाडी हळू केली, आईने आतूनच नमस्कार केला. घराचं दार उघडलं, झाडलोट झाली, दिवा लागला. मग आईने डिकीतून ते गाठोडं स्वतः काढलं. दुकान बंद झाल्यापासून मशीन पडवीत आहे. आईने लुगडं सोडलं आणि पाय मशीनच्या पायदानाशी, डाव्या बाजूला ठेवला. थोडा मागे-पुढे केला. मग चहाचं आधण ठेवायला आत गेली.

आचऱ्याची गावपळण बाहेरच्यांना माहीत असते ती नवलाची गोष्ट म्हणून. दर चार वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि सगळं गाव तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. बाजार बंद, शाळा बंद, घरात दिवा नाही. शिवेपलीकडे माळावर, खाडीच्या काठाने झापांच्या आणि ताडपत्रीच्या राहुट्या उभ्या राहतात. मी सातवीत होते त्या वर्षीची गावपळण माझ्या मनात पक्की बसली आहे.

जागा निवडायला वाडीतले लोक अण्णांना घेऊन जात. पाणी कुठून वाहील, वारा कुठून येईल, चुली कुठे आणि परसाकडची जागा कुठे, हे ते काठीने जमिनीवर आखून देत. राहुटीभोवती चर खणायला लावत. पोरांना हे सगळं लष्करासारखं वाटे आणि आम्ही ताठ चालायचो. पण रात्र झाली आणि अडचण आली. घरी अण्णा पाय काढायचे ते दार लोटून, आतल्या खोलीत. राहुटीला दारच नव्हतं. शेजारच्या चार राहुट्या हाताच्या अंतरावर, मध्ये शेकोटी, भोवती सगळी वाडी.

अण्णा शेकोटीजवळच्या दगडावर बसले. इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळ्यांच्या देखत पाय काढला. आधी लोक दुसरीकडे बघू लागले. मग पोरं जवळ आली. एकाने विचारलं, "काका, दुखता?" अण्णा म्हणाले, "बस. दाखवतंय."

आणि त्यांनी सगळं दाखवलं. खुंटावर लोकरी मोजे चढवायचे. सकाळी दोन, दुपारपर्यंत खुंट बारीक होतो म्हणून तिसरा. मोज्याला आत एकही सुरकुती राहता कामा नये, सुरकुतीचा तासाभरात फोड होतो. रात्री खुंट साबणाने धुवायचा, कोरडा करायचा, छोटा आरसा खाली धरून मागची बाजू तपासायची. लाल दिसलं तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही, कुबडी. "आणि जो पाय नाय, तेचो अंगठो कधी कधी ठणकता," ते म्हणाले. "मगे काय करतास?" "हात फिरवतंय. नसलेल्या पायावर. थांबता कधी, कधी नाय." त्यांनी जमिनीपासून चार बोटं वर, हवेत, जिथे पावलाचा अंगठा असता तिथे हात फिरवून दाखवला. कुणी हसलं नाही. वाडीतली म्हातारी माणसंसुद्धा शेकोटी सोडून जवळ येऊन बसली होती. त्यातली कित्येक वर्षानुवर्षं पंधरा ऑगस्टला अण्णांना शाळेच्या व्यासपीठावर खुर्ची देत आणि जमालपूरचं भाषण करायला लावत आली होती.

तिन्ही रात्री त्यांनी शेकोटीपाशीच पाय काढला. आईने मोजे धुऊन राहुटीच्या दोरीवर, सगळ्यांच्या नजरेसमोर वाळत घातले. चौथ्या दिवशी गाव परत भरलं, आणि अण्णा पुन्हा आतल्या खोलीत दार लोटून बसू लागले.

पाचवा दिवस : आचरा

वर्षश्राद्ध झालं. भटजी दहाला आले, बाराला गेले. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, भाज्या. वाडी जेवून गेली. काळ्या ट्रंकेतून पदकं काढून फोटोजवळ ठेवली होती: पूर्वी स्टार, संग्राम पदक, आणि जखमी सैनिकाला मिळणारं ते पराक्रम पदक. येणारा प्रत्येकजण पदकांना हात लावून जात होता. शाळेतले गुरुजी म्हणाले, जमालपूरचं काही लिहून काढा, फलक करू. दादा हो म्हणाला.

तीनच्या सुमाराला पडवीत एक मुलगा आला. वाडीतलाच, चोवीस-पंचवीसचा. दोन वर्षांपूर्वी हायवेवर मोटारसायकल घसरली आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, हे मला ऐकून माहीत होतं. नवा पाय मुंबईत बनवलेला, हलका, बुटाच्या आत दिसूनही येत नाही. तो जेवायला आला नव्हता. गर्दीत यायला नको वाटतं, असं त्याची आई म्हणाली होती. आला तो मशीनपाशी थबकला. अण्णांच्या पायाकडे बराच वेळ बघत राहिला. मग पदकांकडे न बघता आईच्या समोर जमिनीवर बसायला गेला, त्याला जमलं नाही, तेव्हा आईने मशीनचं स्टूल पुढे सरकवलं.

"काकी," तो म्हणाला, "पावसात काका काय करीत? माजो खुंट सगळो भिजान पांढरो पडता. मगे साल जाता. गेल्या पावसात दोन म्हयने घरातच बसलंय."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुजे मोजे किती?"

"दोन."

"दोनांनी काय होता रे? सहा तरी होये. दोन पायात, दोन वलणीर, दोन चुलीकडे."

"लोकरी?"

"लोकरीच. नायलॉनचो घालू नको, घाम पिवक नाय तो."

ती आत गेली आणि ती पिशवी घेऊन आली. सात मोजे होते. वर्षभर बंद राहून त्यांना कुबट वास धरला होता. आईने एक मोजा नाकाशी नेला, क्षणभर तसाच धरला आणि खाली घेतला. "हे आदी धुवक होये," ती म्हणाली. मी धुते म्हटलं, तर तिने हाताने थांबवलं. विहिरीवरून बादली आणायला मला सांगितलं आणि साबणाची वडी घेऊन पायरीवर बसली. मुलाचं स्टूल तिने स्वतःच्या बाजूला ओढून घेतलं.

"हयसर बघ. धुवचो कसो ता आदी शिक." तिने पहिला मोजा घेतला, आत हात घातला आणि टाचेकडून धरून सावकाश बाहेर ओढला. "पयलो उलटो करूचो."